मागच्या दाराची नोंद

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र ऑफिसच्या टपालाच्या थैलीतून डेपोत येतंय, म्हणजे सही करून घ्यावंच लागेल तुला. फोन केला की "पंख्यांचा आवाज फार आहे गं" म्हणून ठेवून देतोस. ई-मेल तर तू स्वतःची सोडून सगळ्यांची वाचतोस असं हेड ऑफिसात सर्रास बोललं जातं.

आता कामाचं. आईचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, २७ तारखेला, सकाळी. वय अडुसष्ट, साखर वाढलेली, आणि बरोबर कोणी नाही. मला आठवा महिना लागलाय, डॉक्टरीणबाईंनी प्रवासाचं नाव काढायचं नाही म्हणून दम दिलाय. आमचे हे परदेशात कामावर, एप्रिलशिवाय उगवत नाहीत. आई म्हणते, "शेजारीण येईल की." शेजारीण स्वतः काठी टेकत जिना उतरते. दोघींना धरायला तिसरी लागेल.

म्हणजे उरलास तू. सख्खा, एकुलता एक, आणि सहा वर्षांत बहिणीच्या दारात पाय न ठेवलेला. तू काय म्हणणार ते मला पाठ आहे: "मशीन सोडून येता येत नाही." म्हणून मी आधीच बंदोबस्त केलाय. साहेबांच्या मागे लागून तुझ्या बस डेपोच्या पेटीतल्या ब्लेड सर्व्हरचं, त्या पातळ पाट्यांसारख्या कॉम्प्युटरांचं, रिमोट मॅनेजमेंट बसवायचं काम मी माझ्याकडे घेतलंय. एकदा ते बसलं की इथे खुर्चीत बसून मला तुझी आख्खी पेटी दिसेल. कुठला ब्लेड तापला, कुठला बंद पडला, सगळं. बंद पडला तर इथूनच चालू करीन. तू खुशाल चार दिवस जा.

तुला फक्त तीन गोष्टी करायच्यात. पेटीच्या मागे कंट्रोलरचं छोटं वेगळं पोर्ट आहे, त्यात थैलीतली पिवळी केबल खोच. पुढे एक प्लॅस्टिकची पट्टी बाहेर ओढता येते, तिच्यावरचा पासवर्ड मला लिहून पाठव. आणि कुठल्या नंबरच्या ब्लेडवर काय चालतं त्याची यादी दे. एवढंच.

तुझी,
भिंगरी

६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, मामाचे आशीर्वाद, आणि जरा कानपिळणीही.

तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी मशीनं सांभाळतोय, आणि तू मला केबल खोचायला शिकवतेस! पोटात बाळ आहे म्हणून सोडून देतो.

एक गोष्ट समजून घे. ही पेटी म्हणजे तुमच्या हेड ऑफिसातली गुळगुळीत मशीनं नव्हेत. आठ ब्लेड आहेत, फडताळात वह्या उभ्या खोचाव्यात तसे, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मी त्यांना नावं दिलीत. 'आत्या' म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावणारी, सकाळी उठायला उशीर आणि उठली की दिवसभर कुरकुर. 'जावईबापू' मोठा थाटाचा, काम काही नाही, नुसता बसून असतो. एक 'थोरली' आहे. शहरातल्या सगळ्या बस थांब्यांवरचे वेळेचे बोर्ड तिच्यावर चालतात. नऊ वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही, सगळ्यात लवकर तापते, आणि कोणाचं ऐकत नाही. नाव कोणावरून ते तुला सांगायला नको.

अशा घराला तू लांबून काठी लावून हाकणार? आत्या रुसली तर तिच्या पाठीवर थाप मारावी लागते, तशी खास जागा आहे. थाप तुझ्या त्या केबलमधून येते का?

ताईला शेजारीण पुरेल. आणि ताईला मी नको असतो, हे तुला माहीत आहे. तब्येत सांभाळ, दूध पी.

मामा

ता. क. केबल मिळाली. चांगली लांब आहे. खोचली.

१० फेब्रुवारी

मामा,

केबल खोचल्याबद्दल आभार. पेटी इथे दिसली, मला इतका आनंद झाला की बाळानेही लाथ मारली. मग साडेअकराला दिसेनाशी झाली. पाचला पुन्हा दिसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पासवर्ड पाठवला नाहीस. यादी पाठवली नाहीस. कुठे पेंड खातंय तुझं घोडं?

हे बघ, "ताईला मी नको असतो" हे मला सांगू नकोस. बाबा गेले त्या दिवशी तू हॉस्पिटलातून "डेपोत मशीन बंद पडलंय" म्हणून निघालास आणि तीन तासांत ते गेले. रात्री तू घरी आलास तेव्हा आई तुला बोलली. काय बोलली ते मला ठाऊक आहे, मी तिथेच होते: "तुला माणसांपेक्षा पेट्या जवळच्या." लागलं असेल. पण नवरा गेलेली बाई काहीही बोलते रे. आणि तुझाही काय दोष? बंद पडलं होतं मशीन, जावंच लागलं. त्याला सहा वर्षं झाली.

काल फोनवर ती मला सांगत होती की भूल देतात तेव्हा माणूस काहीबाही बरळतो म्हणे, आणि जवळ आपलं कोणी असलेलं बरं, परक्यासमोर अब्रू जायला नको. तुझं नाव घेतलं नाही. पण "आपलं कोणी" म्हणताना जी थांबली, ती थांबलीच. मी अब्रूसाठी का होईना, तुला बोलावते आहे.

यादी पाठव.

भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

केबल काढतो तो उंदीर. इथे एक आहे, मी पाहिलाय.

यादी हवी म्हणतेस तर घे. मी माझ्या खुर्चीत बसून, एकेकाकडे बघून लिहिलीय, चूक निघायची नाही. १. हरवले-सापडले (छत्र्या, डबे, एकदा दातांची कवळी). २. जावईबापू, रिकामा, हवा तेवढा छळ. ३. आत्या. ४ आणि ५. तिकीट मशीनं, जुळी. ६. डेपो मॅनेजरच्या फायली, यात बरेचसे सहलीचे फोटो आहेत. ७. थोरली, हिला हात लावायचा नाही. ८. गॅरेजचे सुटे भाग.

पासवर्ड मागे लिहिलाय. पट्टीवर तो इतक्या बारीक अक्षरात होता की वाचायला चष्म्यावर भिंग धरलं, आणि डेपो मॅनेजर विचारायला आला की कसला किडा सापडला.

ताई भूल उतरताना बरळेल तर बरळू दे. जागी असताना काय कमी बोलते?

मामा

१७ फेब्रुवारी

मामा!!

तू मला नोकरीवरून घालवणार आहेस!

काल दुपारी चाचणी घ्यायची म्हणून मी इथून नंबर दोन बंद केला. जावईबापू, रिकामा, हवा तेवढा छळ, तुझेच शब्द. पुढची चाळीस मिनिटं तुमच्या आख्ख्या शहरातल्या थांब्यांवरच्या बोर्डांवर फक्त "कृपया वाट पाहा" एवढंच दिसत होतं. गाडी समोर येऊन उभी, दार उघडं, कंडक्टर हाका मारतोय, आणि माणसं बोर्डाकडे बघून खरंच वाट पाहत उभी! एका आजोबांनी म्हणे तीन गाड्या सोडल्या. साहेबांनी मला उभं करून झापलं. आठवा महिना बघून मग बसवून झापलं.

शेवटी मी डेपोत फोन लावला, आणि दारावरच्या वॉचमनने मला सांगितलं की तू पेटीच्या मागे बसतोस! मागे! पुढे एसी बोचतो आणि मागे गरम हवा येते म्हणून! म्हणजे तू नऊ वर्षं सगळं उलटं मोजतोयस. तुझा दोन तो जगाचा सात, तुझी सात ती जगाची दोन. जगात ब्लेड पुढून, डावीकडून मोजतात रे मामा!

आणि तुझा तो उंदीर. रोज साडेअकराला केबल काढतो आणि पाचला परत लावतो, रविवारी सुट्टी घेतो. फारच शिस्तीचा उंदीर. त्याला सांग, मला आता इथून सगळं दिसतं. पेटीच्या मागच्या बाजूचं तापमान दर मंगळवारी सकाळी चार अंशांनी चढतं. झरोक्यावर काय ठेवतोस तिथे? आणि हा कंट्रोलर सगळ्याचा लॉग ठेवतो: कोणता पंखा थांबला, कोणतं दार किती वाजता उघडलं, पहिल्या दिवसापासून. नऊ वर्षांची रोजनिशीच म्हण. तेव्हा आता बहाणे बंद.

पासवर्ड मी बदललाय. तो आता फक्त माझ्याकडे आहे. २७ ला दहाच दिवस उरले.

भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

हसून हसून पोट दुखलं. तीन गाड्या सोडणारे ते आजोबा मला माहीत आहेत, ते बोर्ड चालू असतानाही सोडतात.

डेपो मॅनेजरकडे जाऊन मी सांगितलं की यादी मी चुकवली, पोरीचा काही दोष नाही. तसं लेखी तुझ्या साहेबांनाही धाडलंय. मोजणी मात्र माझीच बरोबर. जो जिथे बसतो तिथून मोजतो. मंगळवारी झरोक्यावर मोजे असतात, सोमवारी धुतलेले. उंदीर मीच. झालं समाधान?

आता माझं एक ऐक. तुझी ही यंत्रणा छान आहे, मान्य. पण नवीन कारभार सुरू करताना जुना कचरा कशाला ठेवायचा? तो लॉग पुसून टाक. नऊ वर्षांच्या फालतू नोंदी, जागा अडवतात, कंट्रोलर मंदावतो. वाचत बसू नकोस, डोळ्यांना ताण, तुझ्या अवस्थेत बरं नाही. आजच पूस. मी पुसला असता, पण पासवर्ड तुझ्याकडे.

पुसलास की कळव. मग २७ चं बघू.

मामा

२१ फेब्रुवारी

मामा,

लॉग पुसला नाही. वाचला.

मला वाटलं तू त्या दिवशीची काही चूक झाकतोयस. एखादा ब्लेड पाडला असशील, कोणावर ढकललं असशील. म्हणून मी बाबा गेले ती तारीख काढली. १४ नोव्हेंबर. त्या दिवशी एकही बिघाड नाही. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सगळे पंखे फिरतायत, आठही ब्लेड चालू. दोनच नोंदी आहेत. "मागचं दार उघडलं, दुपारी ३.४०. मागचं दार बंद, संध्याकाळी ८.१५."

साडेचार तास तू त्या पेटीमागे बसला होतास. नुसता.

मला खूप राग आला. रडलेही. मग तुझे झरोक्यावरचे मोजे आठवले आणि रडता रडता हसू आलं, त्याचाही राग आला.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ते माझं काम नाही. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी साडेआठला आहे. तुझे आठही ब्लेड मी इथून बघीन, बरोबर क्रमाने. आता तुझ्याकडे कारण उरलेलं नाही, एवढंच.

भिंगरी

२२ फेब्रुवारी

ताई,

हे माझं तुला सहा वर्षांतलं पहिलं पत्र. चार फाडली, हे पाचवं. फाडायचं नाही असं ठरवून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

भाऊजी गेले त्या दिवशी मशीन बंद पडलं नव्हतं. मला कोणाचा फोन आला नव्हता. काचेतून त्यांच्या नाकातली नळी दिसत होती, छाती वर-खाली होत होती, आणि मला एकदम वाटलं की आता ती थांबेल आणि मी बघत असेन. मी खिशातला फोन काढून कानाला लावला, "हो हो, निघालोच" म्हणालो, आणि पळालो. पन्नाशी उलटलेला माणूस. तुला एकटीला बाकावर सोडून. डेपोत जाऊन पेटीमागे बसलो. तिथे पंख्यांचा इतका आवाज असतो की आपलं आपल्याला काही ऐकू येत नाही.

तू म्हणालीस तुला पेट्या जवळच्या. मी ते घेतलं, कारण भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं होतं. मग ते घेतलं म्हटल्यावर तुझ्याकडे कोणत्या तोंडाने येणार? एक वर्ष गेलं, मग दुसऱ्या वर्षी येणं जास्त अवघड झालं.

मला हॉस्पिटलची अजून भीती वाटते. त्या वासानेच मी दार शोधायला लागतो. पण तू नको म्हणालीस तरच मी येणार नाही. नको म्हणायचं असेल तर उलट टपाली कळव.

तुझा,
धाकटा

२४ फेब्रुवारी

धाकट्यास,

पत्र मिळालं. अक्षर लहानपणापेक्षा वाईट झालंय.

तू काय मला नवीन सांगतोस? त्या दिवशी संध्याकाळी तुला कळवायला मीच डेपोत फोन केला होता. दारावरचा माणूस म्हणाला, "साहेब आत आहेत. बिघाड वगैरे काही नाही, नुसते बसलेत. बोलवू का?" मी म्हटलं, नको, बसू दे त्याला.

मला तेव्हाच कळलं होतं. लहानपणी तुला दात काढायला नेलं तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतून उडी मारली होतीस, मी काय तुला आज ओळखते? तोंडावर तुला बोलले ते मी हे गेल्याच्या रागाने बोलले, आणि तू तेच धरून बसलास. पळालास याचा राग मला त्या रात्रीच संपला होता. तू परत आला नाहीस, त्याचा होता. दुसऱ्या दिवशी येशील म्हणून दोन कप चहा टाकला होता. मग महिनाभर रोज टाकला. मग सोडून दिलं.

शुक्रवारी साडेआठला आत नेतील. तू सातपर्यंत ये. नर्सला सांगून तुझी खुर्ची दाराजवळ ठेवायला लावली आहे. पळायचं झालं तर सोपं जाईल.

मोजे धुतलेले घालून ये.

ताई

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, हॉस्पिटलच्या कँटीनमधून आशीर्वाद.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तुला फोनवर दोन शब्दांत कळवलंच. आता सविस्तर.

ताईला आत नेताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही, ट्रॉलीवरून नर्सला म्हणाली, "हा माझा भाऊ, याला पाणी देत जा, याला चक्कर येते." सगळ्या वॉर्डासमोर! भूल अजून दिलीही नव्हती. तिला बरळायला भूल लागत नाही, हे मी तुला आधीच लिहिलं होतं.

मग ते दार बंद झालं. मी त्या खुर्चीत बसलो. इथे पंखे नाहीत गं, सगळं ऐकू येतं. कोणाची तरी चप्पल वाजते, आत काहीतरी धातूचं पडतं, आणि प्रत्येक वेळी वाटतं, झालं. मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या. माझ्या बाजूने मोजल्या.

पावणेबाराला तिला बाहेर आणलं. डोळे अर्धे उघडे, तोंड कोरडं. पहिला प्रश्न, "आहे का गेला?" मी म्हटलं, आहे. मग म्हणाली, "थोरलीचं बघ. बोर्ड चालू आहेत का." मला कळेना हिला ते नाव कोणी सांगितलं. तूच सांगितलंस, दुसरं कोण. मी म्हटलं, ती मजेत आहे, तिला तुझी लेक बघतेय. मग माझा हात धरून झोपली. घट्ट धरला होता, हे पत्रही हात सोडवून घेतल्यावर, ती घोरायला लागल्यावर लिहितोय. चार दिवसांनी डिस्चार्ज आहे. मी आठ दिवसांची रजा टाकलीय, नऊ वर्षांतली पहिली. डेपो मॅनेजरने अर्ज दोनदा वाचला.

आता एक कबुली, कारण तुझ्यापासून काही लपत नाही. साडेदहाच्या सुमारास मी उठलो होतो. खिशातला फोन काढून कानालाही लावला. कॉरिडॉरचं दार ढकलून जिन्यापर्यंत गेलो. तुझ्याकडे कुठे वही असेल तर लिहून ठेव, आणि ही नोंद कधी पुसू नकोस:

दार उघडलं, सकाळी १०.३१. दार बंद, १०.३३. माणूस आत.

मामा